विविक्त गणित : पहिल्या तासाला नियम सांगायचे तर कोणते?

खडूफळा (धागाकर्ता)

पुढच्या सत्रात संगणकशाखेच्या पहिल्या वर्षाला विविक्त गणित, म्हणजे तर्क, सिद्धता आणि सुट्या गोष्टींची मोजणी यांचं गणित, शिकवायचं माझ्याकडे आलंय. मुलं त्याला 'डिस्क्रीट' म्हणतात, मीही तेच म्हणणार. आधी दोनदा शिकवलंय आणि दोन्ही वेळा पहिल्या तासाला दोन पानी नियमावली वाटली होती. हजेरी किती हवी, उशिराला किती गुण कापणार, मोबाइल बंद, वगैरे. ती कोणी वाचली नाही. पहिली चाचणी तपासायला बसलो तेव्हा लक्षात आलं की माझी खरी अपेक्षा त्या दोन पानांत कुठे लिहिलेलीच नव्हती. या विषयात शेवटच्या ओळीतल्या उत्तराला फारसे गुण नसतात. तिथवर कसे पोचलात हे दुसऱ्याला पटेल असं लिहिलंत तर गुण. शाळेतून येणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलेलंच नसतं.

यावेळी नियम कमी ठेवायचे, पण प्रत्येकामागचं कारण सांगायचं, असं ठरवलंय. कच्चा मसुदा देतोय, बिनधास्त फाडा.

पूर्वतयारी : कॅल्क्युलस लागणार नाही. घातांक, लॉगॅरिदम, असमानता आणि अवयव पाडणं मात्र न अडखळता यायला हवं. थोडंफार प्रोग्रॅमिंग येत असेल तर रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा वापरणारी व्याख्या) समजायला सोपं जातं.

वेळ : वर्गातल्या एका तासामागे घरी किमान दोन तास. त्यातला बराचसा कोऱ्या कागदाकडे बघण्यात जाणार. तो वाया गेला असं समजू नये.

गृहपाठ : दर आठवड्याला. चर्चा कोणाशीही करा, पण चर्चेतून उठताना हातात कागद, फोटो, मेसेज काही नको. घरी जाऊन आपल्या शब्दांत लिहा आणि कोणाशी बोललात ते वर लिहा. नाव लिहिल्याने गुण जाणार नाहीत. न लिहिता सापडलात तर जातील.

लिहिणं : पूर्ण वाक्यं. 'समजा', 'कारण', 'म्हणून' हे शब्द दिसले पाहिजेत. नुसती बाणांची माळ चालणार नाही.

उशीर : सत्रभरात मिळून तीन दिवसांची सवलत, कारण विचारणार नाही. ती संपली की शून्य, आणि कारण तेव्हाही विचारणार नाही. सर्वांत कमी गुणांचा एक गृहपाठ धरणार नाही.

परीक्षा : स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला, आणता येईल.

'माहीत नाही' : उत्तराऐवजी 'मला माहीत नाही' असं लिहिलं तर त्या प्रश्नाचे वीस टक्के गुण.

चॅटबॉट : गृहपाठाला बंदी.

फेरतपासणी : पेपर हातात आल्यापासून एक आठवडा. लेखी अर्ज, आणि नेमकी कुठली ओळ चुकीची तपासली ते त्यात लिहून.

हजेरीचा नियम ठेवलेला नाही. यायचं त्याने यावं.

तिरकस

'कारण विचारणार नाही' हे दोन्हीकडून वापरलंय ते आवडलं. पण मूळ मुद्द्याचं काय? आम्ही हा विषय पाठ करून पास झालो. दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे ही सिद्धता मी अजून झोपेतही म्हणून दाखवेन. तीनचं विचारलं असतं तर मेलो होतो. त्यानंतर इतकी वर्षं कोड लिहितोय, कोणी मला विगमन (पहिल्यासाठी खरं, एकासाठी खरं तर पुढच्यासाठीही खरं, म्हणून सगळ्यांसाठी खरं) विचारलेलं नाही. 'हे कशाला' याचं उत्तर पहिल्या तासाला द्या, नाहीतर ही दोन पानंही होड्या करायलाच जाणार.

रात्रपाळी

तिरकस, विगमन कोणी विचारत नाही कारण ते तुम्ही नाव न घेता रोज करता. लूप लिहिताना 'फेरीच्या सुरुवातीला ही गोष्ट खरी आहे, फेरी संपतानाही ती खरीच राहते' असं मनातल्या मनात म्हणता ना? तेच ते.

माझं आवडतं उदाहरण देतो. क्रमाने लावलेल्या यादीत काही शोधायचं तर मधोमध बघायचं, निम्मी यादी टाकून द्यायची, पुन्हा मधोमध. मधली जागा काढायला खालची जागा अधिक वरची जागा, भागिले दोन. यात चुकायला काय आहे? २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीरपणे लिहिलं की जावाच्या लायब्ररीत त्यांनी स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये याच बेरजेत चूक होती, आणि ती नऊएक वर्षं कोणाला दिसली नव्हती. ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या वर जागाच नसते. यादी अवाढव्य झाली की दोन जागांची बेरीज त्यापलीकडे जाते, उत्तर ऋण येतं आणि प्रोग्राम आपटतो. आधी वरची वजा खालची, त्याला भागिले दोन, आणि ते खालच्या जागेत मिळवायचं, असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

गंमत पुढे आहे. या पद्धतीची सिद्धता आधीपासून छापलेली होती, आणि गणित म्हणून ती बरोबरच होती. तिच्यातल्या पूर्णांकांना कमाल मर्यादा नव्हती, यंत्रातल्या पूर्णांकांना होती. म्हणून खडूफळा, तुमच्या 'लिहिणं' या नियमात एक भर घाला. काय गृहीत धरलंय ते पहिल्या ओळीत.

लाल पेन

मी या विषयाचे गठ्ठे तपासते, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा कडवट वाटेल. चालवून घ्या.

'पूर्ण वाक्यं लिहा' एवढ्याने काही होत नाही. मुलं चुकीची गोष्टही पूर्ण वाक्यांत लिहितात. काय केलं तर गुण जातात ते दाखवा. पहिलं म्हणजे उलटी सिद्धता. जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत मांडायचं, दोन्ही बाजूंवर काहीबाही करत खाली यायचं, शेवटी ० = ० आलं की खाली रेघ. या पद्धतीने मी −१ = १ सिद्ध करून देते. दोन्ही बाजूंचा वर्ग करा, १ = १ आलं, झालं सिद्ध. फळ्यावर एवढं एकच लिहा आणि विचारा की चुकलं कुठे. वर्ग करून खाली उतरता येतं, पण त्याच पायऱ्यांनी परत वर चढता येत नाही, हे एकदा दिसलं की मुलं स्वतःहून ओळी उलट्या क्रमाने लिहायला लागतात.

दुसरं, उदाहरणांची रास. एन = १, २, ३ तपासलं आणि 'अशा प्रकारे सर्व संख्यांसाठी खरं'. यावर ऑयलरची ती प्रसिद्ध राशी द्यावी, एन² + एन + ४१. शून्यापासून एकोणचाळीसपर्यंत एन घाला, चाळीसच्या चाळीस वेळा मूळ संख्या येते. मग एन = ४० घाला. १६८१ येतं, म्हणजे ४१ गुणिले ४१. सलग चाळीस वेळा खरी ठरलेली गोष्ट एका फटक्यात खोटी पडते, तेव्हा वर्ग जो गप्प होतो तो बघण्यासारखा असतो.

तिसरं, विगमनातलं 'समजा हे प्रत्येक के साठी खरं आहे'. अहो, मग सिद्ध करायला उरलं काय? 'समजा हे कुठल्यातरी एका के साठी खरं आहे' असं हवं. बाकी सगळं तेच असतं, तरी मी अर्धे गुण कापते आणि मग भांडणं होतात.

'उघडच आहे' हा शब्दप्रयोग आला की मी तिथे थांबतेच. भोक बहुतेक वेळा त्याच्याच खाली झाकलेलं असतं.

पुनर्परीक्षार्थी

मी हा विषय दुसऱ्यांदा देतोय. नावावरून कळलं असेलच.

पहिल्या वेळी सगळे तास केले, वह्या पूर्ण होत्या. सरांनी फळ्यावर सोडवलेलं सगळं कळायचं. खरंच कळायचं, नाटक नाही. गृहपाठ चौघांच्या ग्रुपवर व्हायचा. एकजण सोडवायचा, बाकीचे तिघे 'हां हां, बरोबर' करत उतरवायचे. उतरवतानाही कळायचं. परीक्षेत पहिला प्रश्न वाचला, पेन उचललं आणि पहिला शब्द काय लिहायचा तेच सुचेना. तोपर्यंत एकही सिद्धता मी कोऱ्या कागदावरून सुरू केलेली नव्हती हे मला त्या क्षणी कळलं.

त्यामुळे 'हातात कागद नको' हा नियम मला पटतो, पण त्याचं कारण 'कॉपी करू नका' असं सांगू नका. आमच्या वेळीही नियम तोच होता. आम्ही त्याला चोर-पोलीस समजलो आणि पळवाटा काढल्या. माझ्यासारख्याला उभं करून काय झालं ते सांगायला लावा.

अजून एक. तपासलेला एक खरा पेपर नाव झाकून दाखवा. दहापैकी चार का मिळाले आणि दहापैकी नऊ का मिळाले. मला सत्र संपेपर्यंत चांगली सिद्धता कशी दिसते तेच माहीत नव्हतं. पुस्तकातली असते ती इतकी घासूनपुसून ठेवलेली की आपल्याला तसं कधी सुचेल असं वाटतच नाही.

शून्यापासून मोजणारी

पुनर्परीक्षार्थी, शेवटच्या परिच्छेदाला +१००. माझंही हेच झालं होतं, फक्त मी काठावर निघाले.

मोजणीच्या (एखादी गोष्ट किती प्रकारे होते ते काढायच्या) भागाबद्दल नियमावलीत काहीच नाही, तिथे वेगळी शिस्त लागते. सिद्धतेत भोक असलं तर निदान दिसतं. मोजणीत एक संख्या येते आणि ती चूक आहे की बरोबर हे तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. मला ज्यांनी शिकवलं त्यांचा नियम असा होता की उत्तर गुणाकार करून सोडवायचं नाही, फॅक्टोरियल (५ × ४ × ३ × २ × १ असे गुणाकार) तसेच ठेवायचे, पण प्रत्येक गुणक कुठून आला याचं एक वाक्य लिहायचं. आणि लहान आकड्यांवर हाताने यादी करून ताळा घ्यायचा. उदाहरणार्थ, ० आणि १ ची पाच लांबीची माळ, शेजारी-शेजारी दोन १ नकोत. सूत्र काहीही लावा, पण आधी लांबी १, २, ३ साठी यादी करा : २, ३, ५. मग लांबी चारच्या यादीत ८ आणि पाचच्या यादीत १३ येतात की नाही बघा. यादी करतानाच दिसतं की माळ ० ने संपत असेल तर मागचा भाग हवा तसा, १ ने संपत असेल तर त्याच्या आधी ० हवाच. रिकरन्स, म्हणजे आधीच्या उत्तरांवरून पुढचं उत्तर काढायचा नियम, आपोआप हातात येतो. मला कळलेला तो पहिलाच रिकरन्स.

जुनी वही

वरच्या उदाहरणावरून आठवले. कवितेच्या छंदात लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन. मग पाच मात्रांच्या रचना किती? आठ. शेवटी लघू असेल तर आधी चार मात्रा, गुरू असेल तर आधी तीन. चारच्या पाच रचना आणि तीनच्या तीन. बाराव्या शतकात हेमचंद्राने छंदांच्या संदर्भात हाच नियम सांगितलेला आहे. असो, अवांतर झाले.

मूळ धाग्याकडे येतो. मी हा विषय पुष्कळ वर्षे शिकवला, आता निवृत्त आहे. माझ्या मते पहिले दोन आठवडे हा गणिताचा विषय नसून भाषेचा असतो, आणि नियमावलीत हे यायला हवे. आपण बोलताना जे शब्द सैल वापरतो ते इथे घट्ट वापरायचे, हा करार पहिल्याच दिवशी करून घ्यावा.

'तर' घ्या. आई मुलाला म्हणते, 'अभ्यास केलास तर खेळायला सोडेन.' मुलगा काय ऐकतो? अभ्यास केला तरच सोडणार. आईच्याही मनात तेच असते. व्यवहारात 'तर' आणि 'तरच' एकमेकांत मिसळलेले असतात आणि त्यावाचून कोणाचे अडत नाही. तर्कशास्त्रात मात्र आईने एवढेच म्हटले आहे की अभ्यास झाला तर खेळ नक्की. अभ्यास न करताही तिने सोडले तर ती खोटे बोलली असे होत नाही. इथे वर्गात हमखास वाद होतो. तो होऊ द्यावा, एक तास गेला तरी चालेल.

'किंवा'चेही तसेच. मराठीत 'की' आणि 'किंवा' हे दोन वेगळे शब्द आहेत हे आपले नशीब. 'आज येणार की उद्या?' यात दोनपैकी एकच अपेक्षित आहे. 'आज किंवा उद्या ये' यात दोन्ही दिवस आलात तरी कोणी हाकलणार नाही. तर्कातला 'किंवा' हा दुसरा.

सर्वांत मोठा घोटाळा नकाराचा. 'सगळे विद्यार्थी आले नाहीत.' म्हणजे एकही आला नाही, की काही आले आणि काही नाही? हे वाक्य लिहून मी वर्गाला हात वर करायला लावत असे आणि वर्ग दोन तट पडून बसत असे. भाषा दोन्ही अर्थ सोसते, गणित सोसत नाही. गणितात लिहिताना 'असा किमान एक विद्यार्थी आहे जो आला नाही' असे तरी लिहा, नाहीतर 'एकही आला नाही' असे तरी.

आणि क्रम. 'प्रत्येक कुलपाला एक किल्ली असते' आणि 'एक किल्ली अशी असते की ती प्रत्येक कुलपाला लागते'. शब्द जवळजवळ तेच, पण दुसरे वाक्य खरे असेल तर चोरांची चंगळ. 'प्रत्येक' आधी की 'असा एक' आधी यावर सगळे अवलंबून असते, हे किल्लीशिवाय कोणाच्या डोक्यात शिरताना मी पाहिलेले नाही.

खडूफळा, पहिल्या तासाचा गृहपाठ म्हणून हे वाक्य द्या आणि त्याचा नकार लिहायला सांगा : 'या वर्गात असा एक विद्यार्थी आहे ज्याने प्रत्येक गृहपाठ वेळेवर दिला.' तुमची नियमावली आणि तर्कशास्त्र, दोन्ही एका दगडात.

तिरकस

सोप्पं आहे. 'या वर्गात कोणीच कुठलाच गृहपाठ वेळेवर दिला नाही.' आमचा वर्ग.

जुनी वही

तुमच्या वर्गाबद्दल ते खरे असेल. नकार म्हणून चूक आहे. बाकीच्यांना करू द्या.

रात्रपाळी

काका, 'तर' वाचून हसलो. आमच्याकडे अटी लिहून देणारे लोकही 'तर' लिहितात आणि 'तरच' गृहीत धरतात. अर्धे बग तिथले.

चॅटबॉटच्या बंदीबद्दल कोणीच बोलत नाहीये?

पुनर्परीक्षार्थी

मी बोलतो. बंदी घाला, सगळे वापरणार. मीपण वापरतो, इथे टोपणनाव आहे म्हणून सांगतोय. आमच्या ग्रुपमधला जो 'एकजण' होता ना, त्याची जागा बॉटने घेतलीये. फरक एवढाच की तो एकजण कधीकधी 'मला नाही येत' म्हणायचा.

शून्यापासून मोजणारी

हा शेवटचा मुद्दा फार खरा आहे. बॉटची चुकीची सिद्धता बरोबर सिद्धतेइतकीच सफाईदार असते. मग तिलाच अभ्यासाला लावा ना. बॉटचं उत्तर छापून द्यायचं आणि कितवी ओळ चुकली ते शोधायला सांगायचं. 'सगळे घोडे एकाच रंगाचे' हे जुनं विगमन तसंच असतं. एक घोडा, एक रंग, ठीक. आता एन घोड्यांचा रंग नेहमी एकच असतो असं समजा आणि एन अधिक एक घोडे घ्या. पहिले एन एका रंगाचे, शेवटचे एनही एका रंगाचे, मधले घोडे दोन्हीकडे सामाईक, म्हणून सगळे एका रंगाचे. ऐकायला इतकं गुळगुळीत की माणूस मान डोलावतो. एकावरून दोनवर जाताना मधले सामाईक घोडेच नसतात, तिथे सगळं कोसळतं.

जुनी वही

माणसांनाही हे व्हायचेच. कुठलाही नकाशा चार रंगांत, शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग न येता, रंगवता येतो याची सिद्धता केंप यांनी १८७९ साली दिली. ती मान्यही झाली. १८९० साली हीवूड यांनी तिच्यातली चूक दाखवली. अकरा वर्षे! त्यातले जे शाबूत राहिले त्यातून पाच रंग पुरतात एवढे सिद्ध झाले. चार रंगांची सिद्धता १९७६ साली आपेल आणि हाकेन यांनी दिली, तीही संगणकाकडून असंख्य प्रकार तपासून घेऊन. त्यावरही 'हिला सिद्धता म्हणायचे का' असा वाद झाला. तेव्हा गुळगुळीत लेखनाला भुलण्याचा दोष एकट्या मुलांना देऊ नये.

लाल पेन

चूक शोधायचा गृहपाठ चांगला आहे, पण त्याने बंदीचा प्रश्न सुटत नाही. बॉटचं उत्तर अगदी बरोबर असलं तरी कोऱ्या कागदाकडे बघण्याचा जो वेळ खडूफळांनी मसुद्यात लिहिलाय तो कोणी घालवला? पुनर्परीक्षार्थींची अडचण उत्तर चुकीचं असण्याची नव्हतीच. उत्तर बरोबर होतं, त्यांचं नव्हतं.

मला तोंडी परीक्षेशिवाय मार्ग दिसत नाही. गृहपाठातला कुठलाही एक प्रश्न, पाच मिनिटं, 'ही तिसरी ओळ दुसरीवरून कशी आली ते सांग'. ज्याने स्वतः लिहिलंय तो अडखळत का होईना सांगतो. एका ठिकाणी हे करून पाहिलं होतं. पहिल्या फेरीत बरेचजण गार पडले, दुसऱ्या फेरीपासून गृहपाठ दिसायला वाईट आणि असायला चांगले येऊ लागले. खाडाखोड, बाणाने जोडलेले परिच्छेद, अर्धवट वाक्यं. पण स्वतःची.

खडूफळा

तोंडीची कल्पना घेतोय. वर्ग मोठा आहे, सगळ्यांना दर आठवड्याला जमणार नाही. पण दर आठवड्याला चिठ्ठ्या काढून काहीजण, आणि सत्रभरात प्रत्येकाचा नंबर दोनदा, एवढं जमेल. आणि बंदीऐवजी 'जे तोंडी सांगता येणार नाही ते लिहून देऊ नका' असा नियम करतो. बॉटला कल्पना समजावून मागा, दुसरं उदाहरण मागा. प्रश्न त्याच्यापुढे टाकून उत्तर उचललंत तर चिठ्ठी निघाल्यावर आपण भेटूच.

'माहीत नाही' वर अजून कोणी काही बोललं नाही. मला तोच नियम सर्वांत आवडतो म्हणून विचारतोय.

तिरकस

मी बोलतो. सगळ्या प्रश्नांना 'माहीत नाही', वीस टक्के खिशात, घरी जाऊन झोप.

खडूफळा

वीस टक्क्यांत पास होत नाही ना. पण 'मला येत नाही' हे ओळखता येणं हेही कौशल्य आहे, आणि पान भरून रेटलेल्या थापांपेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

लाल पेन

माझा जोरदार पाठिंबा. कॅलेंडरवरच्या तारखा सोडून बाकी सगळं उत्तरात लिहिणारे पेपर वाचलेत मी.

पुनर्परीक्षार्थी

माझा विरोध. समजा मला दहा गुणांच्या प्रश्नात विगमनाचा पाया जमला, पुढची पायरी मी प्रामाणिकपणे करून बघितली आणि चुकली. लाल पेन ताई एक गुण देतील. शेजारी बसलेला 'माहीत नाही' लिहून दोन गुण घेऊन जाईल. म्हणजे प्रयत्न केला म्हणून मी एक गुण हरलो. काठावरच्या मुलाला तुम्ही शिकवताय की हात लावू नकोस. आणि काठावरची मुलंच पेपर देताना हा हिशोब करत बसतात. ज्याला येतं तो कशाला करेल?

लाल पेन

…हे मला सुचलं नव्हतं. एक गुण दिला असता, बरोबर.

शून्यापासून मोजणारी

मग 'माहीत नाही' ला गुण न देता 'इथपर्यंत येतंय, इथे अडलंय' ला द्या. 'पाया तपासला. आता के अधिक एकसाठी दाखवायचं आहे, पण गृहीत धरलेलं कुठे वापरायचं ते दिसत नाहीये.' एवढं कोणी लिहिलं तर त्याला प्रश्नाची रचना कळलेली आहे. थापा मारून हे वाक्य लिहिता येत नाही.

रात्रपाळी

कामावर मला असाच माणूस हवा असतो. 'झालं' म्हणणारे पुष्कळ असतात, 'इथे अडलोय' हे नेमकं सांगणारा क्वचित.

खडूफळा

मान्य. लाडका नियम होता, पण पडला. आता असा करतो : कोऱ्या उत्तराला शून्य, थापेला शून्य, आणि कुठे अडलं ते नेमकं लिहिलं तर तिथवरचे गुण अधिक त्या वाक्याचा एक गुण. नेमकं म्हणजे किती नेमकं यावर लाल पेन ताईंशी भांडणं होणार हे दिसतंय, पण ती चांगल्या जातीची भांडणं असतील.

बाकी, 'काय गृहीत धरलंय ते पहिल्या ओळीत' घेतलं. नाव झाकलेले दोन तपासलेले पेपर दुसऱ्या आठवड्यात वाटणार. मोजणीत प्रत्येक गुणकाला एक वाक्य, तेही घेतलं. −१ = १ पहिल्या तासाला फळ्यावर. काकांचं 'सगळे आले नाहीत' सुद्धा, तसेही पहिल्या तासाला सगळे आलेले नसतात.

गृहपाठ हाताने लिहिलेला की टाइप केलेला हे राहिलं. मला हाताने लिहिलेला चालतो.

लाल पेन

वाचता येईल असा हाताने लिहिलेला. मोबाइलवर अंधारात काढलेला फोटो नको, एवढं जाड अक्षरात टाका.

पुनर्परीक्षार्थी

काकांच्या वाक्याचा नकार करून बघतो. दोनदा खोडलंय, हसू नका.

'असा एक विद्यार्थी आहे' याचा नकार 'प्रत्येक विद्यार्थी तसा नाही'. आणि 'प्रत्येक गृहपाठ वेळेवर दिला' याचा नकार 'किमान एक गृहपाठ वेळेवर नाही'. म्हणून : या वर्गातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एक गृहपाठ उशिरा दिला.

जुनी वही

शाबास. तिरकस, बघा.

तिरकस

बघितलं. म्हणजे तीन दिवसांची सवलत सगळ्यांनाच लागणार.

लाल पेन

पेन थांबलं. 'उशिरा दिला' नाही, 'वेळेवर दिला नाही'. ज्याने दिलाच नाही तोही त्यात आला. दहापैकी नऊ.